नववीचा संच

शाळेच्या ग्रंथालयाच्या दारात गेल्या आठवड्यात उभी राहिले आणि माझे दोन्ही हात आपोआप पदराखाली गेले. साठी उलटलेली बाई मी. पेन्शन सुरू होऊनही आता काही वर्षं झाली. तरी हात गेले ते गेलेच. शेजारी माझ्या ताईची नात श्रावणी उभी होती. पाचवीत नवा प्रवेश, ग्रंथालयाचं कार्ड काढायला आलेली. ती म्हणाली, "मावशीआजी, थंडी वाजतीये का?" जूनचा उकाडा, पाठीवरून घामाची धार चाललेली. मी म्हटलं, "पंख्याचा वारा लागला गं." खोटं बोलण्यात मी लहानपणापासून तरबेज आहे. ते पुढे येईलच.

आता तिथे पांढऱ्या फरश्या आहेत, चार संगणक आहेत, मुली चपला घालून सरळ आत जातात. कुर्ता घातलेली एक तरुण ग्रंथपाल येईल त्या मुलीकडे बघून हसते. मी नाकपुड्या फुगवून वास घेऊन पाहिला. कसलाच नाही. ग्रंथालयाला वास नाही म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात शिरेना.

आमच्या वेळी वास जिन्यापासून सुरू व्हायचा. डांबराच्या गोळ्यांचा, जुन्या खळीचा, शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा, आणि दुपारी पत्रा तापला की जाळीच्या कपाटांमधून येणारा एक कोरडा वास, ज्याला मला आजही नाव देता येत नाही. वरच्या मजल्यावर शेवटची खोली. दारात चपला ओळीनं काढायच्या. जिन्याखालच्या नळावर हात धुवायचे, पुसायचे, आणि आत शिरताना तळवे वर करून सबनीस बाईंना दाखवायचे. बाई टेबलाशी बसलेल्या असायच्या. पांढरं सुती पातळ, दोरीला बांधलेला चष्मा, समोर लाकडी पट्टी. त्या पट्टीनं त्यांनी कुणाला मारल्याचं मी कधीच पाहिलं नाही. आवाजही कधी चढवला नाही. त्याचीच भीती जास्त वाटायची. ओरडणाऱ्या माणसाचा अंदाज येतो. बाईंचा येत नसे.

भिंतीवर त्यांच्याच अक्षरातला एक पुठ्ठा होता. पान दुमडू नये. थुंकी लावून पान उलटू नये. पुस्तकावर रेघ ओढू नये. मी तो इतक्यांदा वाचला होता की रात्री पाठ म्हटल्यासारखा तोंडातून यायचा.

हात दाखवायची वेळ आली की माझ्यापेक्षा ताईची हालत वाईट व्हायची. ताई म्हणजे शशिकला, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मी पाचवीत आले तेव्हा ती आठवीत होती. नाशिकला द्वारकेच्या चौकापलीकडे आमची वस्ती. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो, ते लाकडाच्या वखारीत ओझी उचलायचे, आणि आई घरी विड्या वळायची. संध्याकाळी ताई तिला हातभार लावायची. टेंभुर्णीची भिजवलेली पानं मांडीवर घ्यायची, त्यावर पत्र्याचा छोटा फर्मा ठेवायचा, कात्रीनं त्या मापाचं पान कापायचं, चवड लावायची. मग आई सुपातली तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायची. ताईच्या बोटांना तो वास कायमचा बसला होता. नखांच्या कडा तपकिरी. ग्रंथालयाच्या तासाच्या आदल्या दिवशी ती बोटांना चिंच चोळायची, राख चोळायची, मला हुंगायला लावायची.

"येतो का गं अजून?"

"नाही," मी सांगायचे. यायचा.

एकदा बाईंनी तिचे हात बघितले आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितले. मग विचारलं, "कुठल्या साबणानं धुतेस?" एवढंच. ताई त्या दिवशी डबा न खाता घरी आली. "त्यांना कळलं," ती म्हणाली. काय कळलं, कळलं तर काय झालं, हे तिला सांगता येईना. मलाही विचारावंसं वाटलं नाही, कारण मला समजलं होतं.

पण त्या खोलीवाचून आमचं चालणार नव्हतं. आमची पाठ्यपुस्तकं त्या खोलीतून यायची. पुस्तकपेढी म्हणायचे त्याला. जूनमध्ये इयत्तेचा सगळा संच सुतळीनं बांधून मिळायचा, वर नावाची चिठ्ठी. वर्षभर वापरायचा आणि एप्रिलमध्ये परत करायचा. घरी आणला की ताई सगळ्या पुस्तकांना कव्हर घालायची. वखारीतल्या मुनीमजींकडून दादा मागच्या वर्षाचं कॅलेंडर मागून आणायचे, त्याचा गुळगुळीत भाग आत, पांढरा बाहेर. कोपरे असे दुमडायची की वर्षभर हलायचे नाहीत. माझ्या पुस्तकांनाही तीच घालायची. मला कात्री धरता येत नाही, असं तिचं मत होतं, आणि ते खरं होतं.

परत करायच्या दिवसाला आम्ही मुली तपासणीचा दिवस म्हणायचो. आधीचा आठवडाभर वर्गात रबराचा भुगा. पेन्सिलीची एकेक खूण शोधून खोडायची. मग व्हरांड्यात रांग. एकेकीनं आत जायचं, बाई खिडकीपाशी बसून पान न् पान उजेडावर धरायच्या. टेबलावर एक लाल शाईचं पेन. कुणाचं पान फाटलेलं निघालं, शाईची रेघ निघाली, तर त्या पेनानं नाव लिहितात आणि पुढच्या वर्षी संच मिळत नाही, असं आम्ही ऐकलं होतं. कुणाकडून ऐकलं, ठाऊक नाही. नाव लिहिलेली एकही मुलगी आम्हाला माहीत नव्हती. तरी सगळ्यांना ते पक्कं माहीत होतं. आणि आमच्या घरात संच नाही म्हणजे शाळा नाही, हे तर कुणी सांगायचीही गरज नव्हती.

मार्चमधली एक संध्याकाळ मला नको तितकी आठवते. रॉकेलची चिमणी, भिजल्या पानांचा हिरवट वास, आई पाणी भरायला गेलेली. ताईची परीक्षा जवळ आलेली आणि पानांचा ढीगही तसाच. म्हणून ती दोन्ही एकदम करत होती. मांडीवर पानं, मांडीला टेकून विज्ञानाचं पुस्तक, पचनसंस्थेची आकृती उघडी. "जठर, लहान आतडं, मोठं आतडं," असं पुटपुटत ती कापत होती. डोळे पुस्तकात, हात कात्रीवर. हाताला सवयच तशी होती. एक ओलं पान पुस्तकाच्या पानाला चिकटलं, तिनं ते तसंच उचललं, फर्मा ठेवला आणि कात्री फिरवली.

कापल्याचा आवाज वेगळा आला. कागद कापल्याचा आवाज कोरडा असतो.

पानाच्या कडेला बोटभर लांब, दोन बोटं रुंद असं खिंडार पडलं होतं. विडीच्या पानाच्या अगदी मापाचं. मोठं आतडं निम्मं गेलं होतं. ताई ओरडली नाही. तिनं चवड उलटीपालटी केली, तुकडा शोधला, तेवढ्यात आई आली म्हणून सगळं तसंच ओल्या गोणपाटात गुंडाळलं. सकाळी तो तुकडा सापडला तेव्हा त्याचा लगदा झाला होता. चिकटवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यानंतरचा महिना आम्ही दोघी त्या पानाबरोबर जगलो. आईला सांगितलं नाही. ताई रोज पुस्तक उघडायची, खिंडार बघायची, मिटायची. परीक्षा तिनं छान दिली. तपासणीच्या दिवशी सकाळी तिच्या अंगात ताप भरला. सोंग नव्हतं. मी तिच्या कपाळाला हात लावला होता.

"छोटी, तू नेऊन दे गं," ती म्हणाली. "बाईंना सांग, ताईला ताप आलाय. पान चुकून कापलं गेलं म्हणावं. मी मुद्दाम नाही केलं म्हणावं. सांगशील ना?"

"सांगेन," मी म्हटलं.

दोन संच घेऊन मी व्हरांड्यात उभी राहिले, माझा पाचवीचा आणि तिचा आठवीचा. उन्हानं कठडा तापला होता. माझ्या पुढे तीन मुली. पहिली आत गेली, बाहेर आली. दुसरी गेली. आतून बाईंचा आवाज आला, "हे काय?" दारातून मला फक्त टेबलाची कड आणि ते लाल पेन दिसत होतं. बाईंचा हात आला आणि त्यानं पेन उचललं.

माझे पाय हलले तेव्हा मी ठरवून काही केलं नाही. व्हरांड्यातली खिडकी उघडी होती. दोन्ही संच मी आतल्या कट्ट्यावर ढकलले आणि पळाले. जिना, नळ, पटांगण, फाटक. चपला दारातच राहिल्या. द्वारकेपर्यंत डांबरावरून अनवाणी आले आणि पाय भाजतायत हे घरी पोचल्यावर कळलं.

ताई गोधडीवर उठून बसली होती. "काय म्हणाल्या?"

पळून आले हे तोंडातून निघेना. ती मला भित्री म्हणाली असती, एवढंच. आज हसू येतं, आणि ते हसू गिळवत नाही. अकरा वर्षांच्या मला तेवढंही नको होतं. मी म्हणाले, "लाल शाईनं नाव लिहिलं. पुढच्या वर्षी संच नाही म्हणाल्या."

किती सहज आलं ते. वाक्य तयारच होतं, वर्षभर आम्ही सगळ्याजणी तेच तर एकमेकींना सांगत होतो. ताईनं मान हलवली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

रात्री दादांना कळलं. दादा दर पौर्णिमेला विहारात जायचे, आणि पोरींना शिकवा हे तिथे ऐकून यायचे, तेव्हा आईला दोनदोनदा सांगायचे. ते म्हणाले, "उद्या मी येतो शाळंत. हात जोडतो बाईंना. चुकून झालंय, लेकराचं वर्ष का मोडता म्हणतो."

दादा गेले की सगळं उघडं पडणार. मी म्हणाले, "नका येऊ दादा. बाई लय रागीट हायेत. तुम्हालापण बोलतील. सगळ्यांसमोर बोलतील."

दादांनी आपल्या हातांकडे पाहिलं, वखारीच्या कुसळांनी भरलेले हात. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं, की त्यांना जरा सुटल्यासारखं वाटलं. त्या इमारतीची त्यांनाही भीती होती. आमच्या घरात चार माणसं होती आणि चौघांनाही त्या एका खोलीची भीती होती, त्यातल्या दोघांनी तर ती धड पाहिलीसुद्धा नव्हती. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आठवीपतूर शिकली, लय झालं. मला हाताखाली हुईल." कुणी ताईला विचारलं नाही.

इथवरचं मी स्वतःला माफ केलेलं आहे. लहान होते, भ्याले, चुकले. पण गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहायला बसले नसते.

जून आला. मी सहावीचा संच घ्यायला गेले, तळवे वर करून उभी राहिले. बाईंनी पुस्तकं काढली, सुतळी बांधली, चिठ्ठी लावली. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुझी बहीण आली नाही अजून?"

मी सुतळीची गाठ चाचपत राहिले.

"तिला सांग, नववीचा संच बांधून ठेवलाय. वर्ग सुरू झालेत. लवकर ये म्हणावं." आणि त्यांनी मागच्या कपाटाकडे बोट केलं. जाळीच्या दारामागे गठ्ठा होता. वर चिठ्ठी. चिठ्ठीवर ताईचं पूर्ण नाव, बाईंच्या वळणदार अक्षरात.

कापलेल्या पानाबद्दल एक शब्द नाही. लाल शाई नाही. मी त्या जाळीकडे बघत राहिले. आता घरी जाऊन सांगायचं म्हणजे काय सांगायचं? संच आहे, म्हणजे एप्रिलमध्ये मी जे सांगितलं ते खोटं. दादांना अडवलं ते खोटं. दोन महिने ताई रडत होती आणि मी शेजारी निजून ऐकत होते, तेही सगळं बाहेर येणार.

"ती गावाला गेलीये बाई," मी म्हणाले. "घोटीला. मामाकडे. आता तिकडंच राहणार आहे."

"शाळेचं काय?"

"तिकडंच बघणार आहेत."

बाईंनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्यांना वास येणार. खोट्याचा वास येत असेल तर त्यांनाच आला असता. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. आली तर पाठव. मी ठेवते."

त्या दिवशी घरी गेले तेव्हा ताई अंगणात बसून पानं कापत होती. तिनं कात्री खाली ठेवली, हात पुसले आणि माझा सहावीचा संच मागून घेतला. कव्हरं घालायला. "कसली नवी नवी दिसतायत गं," ती म्हणाली. मी तिच्यासमोर बसले होते. तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती वर्गात असती. एक वाक्य. मला ते बोलता आलं नाही. सगळा जून मी रोज ठरवायचे, आणि रोज वाटायचं, काल सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. पुढे जुलै लागला.

भीतीचं एक आहे. पहिल्यांदा ती कशाची तरी असते. मग ती नुसतीच राहते, घरातल्या माणसासारखी जेवायला बसते.

पुढची दोन वर्षं मी बाईंना टाळत जगले. ग्रंथालयाच्या तासाला मागच्या बाकावर, नकाशांच्या गुंडाळ्यांआड. बाकीच्या मुलींना त्या खोलीत काय काय मिळायचं! भिंतीएवढे नकाशे उलगडून बघता यायचे. शब्दकोश इतका जड की दोघींनी उचलायचा. दहावीच्या मुलींसाठी जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, आणि मागच्या वर्षीच्या हुशार मुलींच्या उत्तरपत्रिका पुठ्ठ्यात शिवून ठेवलेल्या, त्या फक्त तिथेच बसून वाचायच्या. मीही वाचायचे. पण कान दाराकडे. न जाणो, ताई कशासाठी तरी शाळेत आली तर? दादा आले तर? फाटकाशी ताईच्यासारखं हिरवं पातळ दिसलं तरी मी खिडकीपासून मागे सरकायचे.

आठवीच्या जूनमध्ये बाईंनी माझा संच बांधला आणि वरचं विज्ञानाचं पुस्तक हातात ठेवून म्हणाल्या, "हे जपून वापर. यातलं एक पान मी दुरुस्त केलंय."

जिन्यातच उघडलं. पचनसंस्था. खिंडाराच्या जागी पांढरा कागद बसवला होता, कडा इतक्या जुळवून की बोटानंच कळाव्यात. त्यावर गेलेलं आतडं बारीक निबानं काढलं होतं, नावाच्या रेघेसकट. पान उलटलं. मागच्या बाजूला कापल्या गेलेल्या आठ ओळी छापील अक्षराच्या मापानं हातानं लिहिल्या होत्या. बाईंनी दुसरी प्रत समोर ठेवून, कुणास ठाऊक किती वेळ घालवून, ते केलं होतं. आणि पुठ्ठ्याच्या आत वापरणाऱ्या मुलींच्या नावांत ताईचं नाव होतं. जांभळ्या शाईत, साधं.

मी जिन्यावर बसले आणि रडले. आनंदानं नव्हे, दयेनंही नव्हे. घाबरून रडले. हे पुस्तक आता घरी न्यायचं होतं आणि ताई त्याला कव्हर घालणार होती.

त्या वर्षी पहिल्यांदा मी म्हणाले, माझ्या पुस्तकांना कव्हरं मीच घालणार. ताईला लागलं. "मोठी झालीस का?" एवढंच म्हणाली. माझी कव्हरं आठवड्यात सुटली. वर्षभर ते पुस्तक मी दप्तराच्या तळाशी ठेवलं आणि पचनसंस्था मैत्रिणीच्या पुस्तकातून वाचली. नववीत गेले तेव्हा बाईंनी कपाटातून एक जुना गठ्ठा काढला, सुतळीवर धूळ, आणि माझ्यासमोर त्यावरची चिठ्ठी सोडवून बाजूला ठेवली. माझ्या नावाची नवी लावली. तो संच मी घेतला, त्यातून शिकले, पहिल्या नंबरानं पास झाले.

त्याच वर्षी मामांनी ताईचं लग्न जमवलं. स्थळ घोटीचं. सगळे म्हणाले, मामा जवळ आहे, बरं झालं. मांडवात मी तांदूळ हातात घेऊन उभी होते. बाईंना मी जे खोटं सांगितलं होतं, ते असं चालत खरं होऊन आलं होतं.

पुढचं थोडक्यात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डी.एड. झाले, पहिली नेमणूक हरसूलकडच्या एका पाड्यावर. एकशिक्षकी शाळा, पुस्तकांची एक पत्र्याची पेटी. पहिल्याच महिन्यात एक पोरगी चिखलाचे डाग पडलेलं पुस्तक पाठीमागे लपवून दारात उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांत मला मी दिसले नाही, सबनीस बाई झालेली मी दिसले. इतकी वर्षं मी त्या बाईंना घाबरले होते, आणि त्यांना हे माहीतही नसणार. मी नाशिकला आले की शाळेत जाऊन त्यांना सगळं सांगायचं ठरवलं. तेही पुढे ढकलत गेले. गेले तेव्हा त्या निवृत्त होऊन मुलाकडे कुठे तरी दूर निघून गेल्या होत्या.

ताईचे यजमान गेल्यावर ती मुलाबरोबर नाशिकला राहायला आली. आणि आज तिची नात त्याच शाळेत. कार्ड काढून आम्ही बाहेर आलो तेव्हा ताई पटांगणातल्या दगडी बाकावर बसली होती. आत यायला ती तयार नव्हती. "माझे गुडघे," म्हणाली होती. जिना आता चढावा लागत नाही, ग्रंथालय खालीच आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं होतं.

श्रावणीनं कार्ड नाचवत विचारलं, "आजी, तू पण इथंच होतीस ना? कितवीपर्यंत?"

"आठवी," ताई हसून म्हणाली. "मग काढली मला. पुस्तक कापलं ना मी इड्यांच्या पानासंगं! लाल शाईनं नाव लिहिलं होतं माझं." ही गोष्ट तिनं घरात शंभरदा सांगितलेली आहे. सुना हसतात, नातवंडं हसतात. मीही हसत आले आहे, पन्नासएक वर्षं.

"मला पण काढतील?" श्रावणीनं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. कार्ड तिनं छातीशी धरलं होतं.

मी ते बघितलं आणि मला माझाच संताप आला. मी तिला म्हणाले, "नाही काढत कुणी. जा, पाणी पिऊन ये." ती गेली. मी ताईच्या शेजारी बसले. त्या व्हरांड्यात होती तशीच भीती, एवढी वर्षं खाऊन पिऊन धट्टीकट्टी झालेली.

"ताई, तुला काढलं नव्हतं."

"म्हंजे?"

मग मी सांगितलं. खिडकी, पळून येणं, लाल शाई, दादांना अडवणं. जूनमधला गठ्ठा, जाळीमागचा. घोटीचं खोटं. चिकटवलेलं पान. तो संच शेवटी मलाच मिळाला, तेही सांगितलं. तिच्याकडे न बघता सांगत होते. पटांगणात मुली खो-खो खेळत होत्या, त्यांच्याकडे बघत होते. ती ओरडेल, उठून जाईल, माझं तोंड बघणार नाही म्हणेल, हे सगळं माझं इतक्यांदा मनात पाहून झालं होतं की त्यातलं काहीही झालं असतं तर मला हायसं वाटलं असतं.

ताई म्हणाली, "बाई रागावल्याच नव्हत्या?"

"नाही."

"आन् पुस्तकं होती."

"होती. तीन वर्षं ठेवली होती त्यांनी. तुझ्या नावानं."

तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्यावर रागही दिसत नव्हता. कसला तरी हिशेब मनात जुळवत असल्यासारखी ती समोर बघत राहिली. मी म्हणाले, "बोल काही तरी. शिव्या घाल."

"काय होतं गं त्यात?" ताईनं विचारलं.

"कशात?"

"नववीच्या पुस्तकात. इज्ञानाच्या. पचनसंस्था आठवीत झाली ना आपली. मग नववीला काय होतं? पैला धडा कोणता होता?"

मी तोंड उघडलं. मुलींचा गलका चालला होता. मी नववीत पहिली आले होते, त्या पुस्तकावर पहिली आले होते, पुढे पस्तीसच्या वर वर्षं शिकवलं. मला त्यातल्या एकाही धड्याचं नाव आठवेना.

"सांग ना," ताई म्हणाली आणि माझ्याकडे वळून बसली.